दुखवट्याची साडी

फेब्रुवारी सरत आला की सांगलीच्या बाहेर कुठल्याही रस्त्याने जा, शिजणाऱ्या हळदीचा वास येतो. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद कोरडी असते, तिचा वास असून नसल्यासारखा. हा वेगळा. ओला, मातकट, थोडा उग्र, उकडलेल्या रताळ्यांच्या जवळ जाणारा. तो अंगावरच्या कपड्यांत बसतो आणि दोन धुण्यांत जात नाही.

याच दिवसांत आमच्या कॉलेजच्या वाचनालयात गर्दी होते. एकोणीस वर्षं मी तिथे ग्रंथपाल आहे. एरवी ज्या मुली पुस्तक न उघडता खिडकीत बसून असतात, त्या आता जुने प्रश्नसंच मागायला येतात. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, कारण ऊन तापायला लागलेलं असतं, आणि मग कुठूनतरी तो वास आत येतो. परीक्षा आणि हळद या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधीच वेगळ्या झाल्या नाहीत.

यंदा पहिल्यांदा वास आला तेव्हा विमलताईंना जाऊन महिना होत आला होता.

मी बारावीला साताऱ्यात होते, वसतिगृहात. फेब्रुवारीत वसतिगृहात कांजिण्यांची साथ आली आणि रेक्टरबाईंनी सगळ्या मुलींना घरी जायला सांगितलं. माझं घर सांगलीजवळच्या खेड्यात. मी एसटीडी बूथवरून दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. दादा म्हणाले, "हितं हळद शिजाय लागलीया पोरी. परसात कायली, सोप्यात हळद, माळ्यावर हळद. पंधरा माणूस जेवायला हाय. तू अभ्यास कवा करणार आन् कुठं बसून?" मग तेच म्हणाले, "तुज्या त्या गणिताच्या बाई म्हणत व्हत्या न्हवं, आमच्याकडं ऱ्हा म्हणून? मग ऱ्हा की."

अशी मी माने बाईंच्या घरी गेले. सुमन माने, वय पन्नाशीच्या आसपास, कॉलेजात गणित शिकवायच्या. यादोगोपाळ पेठेत त्यांच्या दोन खोल्या आणि मागे छोटी पडवी. त्यांच्याबरोबर विमलताई राहायच्या. मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरने काढलेला कालव्याचा नाहीतर धरणाचा नकाशा निळसर ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायम काळा डाग. पेठेत कुणी त्यांना बाईंची मावसबहीण समजायचं, कुणी भाडेकरू. दोघी कुणाचंच म्हणणं खोडून काढत नसत.

पहिल्या दिवशी मी पिशवी ठेवली तेव्हा बाहेरच्या खोलीत दोन लोखंडी कॉट दोन भिंतींना लावलेल्या होत्या. मधे मोकळी शहाबादी फरशी. त्या फरशीवर गंजाचे आठ गोल डाग होते, चार-चारचे दोन चौकोन, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. मी गणिताची विद्यार्थिनी होते. कॉट कुठे असायच्या हे कळायला मला फार वेळ लागला नाही. त्या का हलवल्या हेही कळलं, पण तो विचार मी पूर्ण केला नाही.

मला आतल्या खोलीत जागा दिली होती. सकाळी सहाला बाई चहा ठेवायच्या. दोन कप साखरेचे, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेचा विमलताईंचा. त्या पडवीत बसून सगळ्या पेपरात आधी निधनवार्ता वाचायच्या आणि मोठ्याने वय सांगायच्या. "एक्क्याण्णव. बरं झालं." "अठ्ठावन्न. हे काय वय आहे?" बाई आतून म्हणायच्या, "पोरीचा अभ्यास चाललाय, तिला वयं नको सांगूस."

बाईंचं एकच पालुपद असे. नुसतं उत्तर लिहू नकोस, पायऱ्या लिही. मार्क पायऱ्यांना असतात. मला उत्तर लवकर दिसायचं आणि मी मधलं सगळं गाळायची. त्या वही परत सरकवायच्या. "इथून इथे कशी आलीस? उडी मारलीस का?"

त्या वेळी माझ्याकडे आणखी एक उत्तर तयार होतं, ज्याच्या पायऱ्या मला कुठेच सापडत नव्हत्या. वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर जी मुलगी होती, तिच्याबद्दल मला काय वाटतं ते मला नीट कळलेलं होतं. त्यावर शंका नव्हती. पण पुढे काय, हे कोरं होतं. बारावीनंतरची मी मला दिसतच नसे. वर्गातल्या मुली पंचविसाव्या वर्षीच्या स्वतःला पाहू शकत होत्या. कुणाची आई, कुणाची शिक्षक मावशी, कुणाची चुलतबहीण त्यांच्यासमोर चालती-बोलती होती. माझ्यासमोर कुणी नव्हतं. फार तर दोन वाटा दिसायच्या. एक, लग्न करून हळदीच्या कुठल्यातरी दुसऱ्या घरात जायचं. दुसरी मी इथे लिहीत नाही. जे त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहिलेत त्यांना ती ठाऊक आहे.

साधारण आठवड्याने मी प्रॅक्टिकल देऊन परत आले, तर दोन्ही कॉट खोलीच्या मधोमध, एकमेकींना लागून. वर एकच मोठी वाकळ अंथरलेली. बाई स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी मान वर केली नाही. विमलताई नाकावरचा चष्मा सरळ करत म्हणाल्या, "पंख्याचा वारा तिकडं पोचत नाही गं."

मी म्हटलं, "हो, नाहीच पोचत."

एवढंच. या विषयावर आमच्यात झालेलं हे एकमेव बोलणं. पुढच्या सत्तावीस वर्षांत त्यात एका शब्दाची भर पडली नाही.

मी हात-पाय धुऊन भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि लक्षात आलं की छातीवरचं काहीतरी सैल झालंय. आनंद म्हणावा असं ते नव्हतं. वाट चुकलेल्या माणसाला दूर कुणाच्यातरी घरावर वाळत घातलेले कपडे दिसावेत, तसं.

त्यानंतर मी त्या दोघींना अभ्यासासारखं पाहिलं. त्या काही करत नव्हत्या. बाई तांदूळ निवडायच्या, विमलताई त्यांच्या पाठीमागून जाताना एक खडा उचलून दाखवायच्या. शनिवारी विमलताई बाईंच्या केसांना तेल लावायच्या आणि केस किती गळतात यावर दोघींत वाद. शेजारच्या पाटीलकाकू एकदा पडवीत येऊन बसल्या आणि विमलताईंना म्हणाल्या, "तुम्ही दिसायला बऱ्या, नोकरी सरकारी. मग लग्न का हो नाही केलंत?" विमलताई म्हणाल्या, "आला होता की एक सांगून. आमच्या माणचाच. त्याला दोन मैलांवरून पाणी आणायला बायको पाहिजे होती. मी म्हटलं, बाबा, तू गाढव बघ." काकू हसून हसून बेजार. बाई आत कणीक मळत होत्या, त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

आणि त्या भांडायच्या. पहिलं भांडण झालं तेव्हा मी घाबरले होते. कुकरची रिंग कुणी कुठे ठेवली इतकं साधं कारण. तीन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सगळा कारभार माझ्यामार्फत. "त्यांना सांग, दळण संपलंय." "त्यांना सांग, डोळे आहेत मला." घरातलं कुणी आता निघून जाणार, असं मला वाटत होतं. चौथ्या दिवशी सकाळी बाई कॉलेजला निघाल्या, तर टेबलावर त्यांचं शाईचं पेन भरून, निब पुसून ठेवलेलं होतं. बाईंनी ते उचललं, पाहिलं आणि म्हणाल्या, "दुपारी येताना आंबट चुका आणते." विमलताई म्हणाल्या, "आण. कोवळा बघून आण."

त्या दिवशी मला पहिल्यांदा चाळीस वर्षांची मी दिसली. चष्मा लागलेली, कुणावर तरी रुसलेली, आणि तरी त्याच घरात. हे चित्र मिळालं म्हणून मी बारावीनंतरही जगत राहिले, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

आता असं चित्र फोनवर मिळतं, हे खरं आहे. मोठ्या शहरांतल्या मिरवणुका, रंगीत झेंडे, मुलाखती देणारी हुशार, देखणी माणसं. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण मी ज्या मीनलबरोबर राहते, ती एकदा असलीच एक मुलाखत बघून म्हणाली, "चांगलं बोलतात गं. पण यातलं कुणी कुपवाडला सकाळी आठच्या शिफ्टला गेलेलं नाही." मीनल कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये सुट्या भागांची मापं तपासते. अकरा वर्षं आम्ही एकत्र आहोत. तिच्या म्हणण्यात कडवटपणा नव्हता. तिला एवढंच म्हणायचं होतं की कौतुक करायला ती माणसं पुरतात, पण आपल्या दळणाच्या रांगेत, आपल्या बोलीत, आपल्याच वैतागात कुणीतरी दिसावं लागतं.

तर असं कुणीतरी मला दिसलं होतं, आणि मी त्यांना ते कधी सांगितलं नाही. वर्षातून दोनदा मी साताऱ्याला जायची. एकटी. मीनलचं नाव मी त्या घरात कधी काढलं नाही. कारण मी त्या दोघींकडून राहायला शिकले, तसंच लपायलाही शिकले. पाहुणे यायचे म्हटलं की त्या घरातल्या कॉट भिंतीला लागायच्या. तीही पायरी मी वहीत उतरवून घेतली होती. कॉलेजात मीनल माझी "रूममेट" आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी.

विमलताई जानेवारीअखेर गेल्या. वय बहात्तर. मला पेपरातल्या निधनवार्तेचीच आठवण आली. त्यांनी या आकड्यावर काय म्हटलं असतं? अग्नी त्यांच्या भाच्याने, महादेवने दिला. तो मुंबईला नोकरीला आहे, चांगला माणूस. मावशीनेच त्याला शिकवलं. तेरावा साताऱ्यात, बाईंच्याच घरी झाला.

आमच्याकडे रीत आहे. तेराव्याला नातेवाईक दुखवट्याचा आहेर आणतात. ज्याचं माणूस गेलं त्याला टॉवेल-टोपी, बाई असेल तर साडी. आहेर घेतलेल्याला उठवून मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन आणतात. म्हणजे झालं, आता तू बाहेर पडायला, कामाला लागायला मोकळा. आहेर कुणाला करायचा यावरून गावाला कळतं की कुणाचं माणूस गेलं.

मी साडी घेऊन गेले होते. करडी, सुती, बारीक काठाची. मीनलने निवडलेली. ती मी बाईंना देणार होते.

खोलीत माणसं दाटलेली. महादेवच्या डोक्यावर टोप्यांवर टोप्या चढत होत्या, त्याच्या बायकोच्या मांडीवर साड्या. बाई कुठे होत्या? त्या ट्रे घेऊन चहा देत होत्या. स्वतःच्या घरात, पाहुण्यांना. कुणीतरी त्यांना म्हणत होतं, "तुम्ही लई केलंत हो त्यांचं. शेजारधर्म म्हणजे असा." मी पिशवीतून साडी काढली. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझं कोपर धरलं. "आगं, हितं कुणाला देतीस? सून तिकडं बसलीया. जा, दे तिला." सगळ्यांनी वाट करून दिली. बाई समोर ट्रे घेऊन उभ्या. मी दोन पावलं पुढे गेले, वाकले आणि साडी महादेवच्या बायकोच्या मांडीवर ठेवली.

मान वर केली तेव्हा बाई माझ्याकडेच पाहत होत्या. रागाने नाही. परीक्षेत येत असलेलं गणित मी चुकवलं की जशा पाहायच्या, तशा. मग त्यांनी विचारलं, "चहा घेतलास?"

घरी आल्यावर मीनलने विचारलं, "दिलीस?"

"दिली."

"बाईंना?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "उद्या मी गेले तर तू पण चहाच देत फिरशील. आणि माझ्या भावाच्या बायकोला साड्या मिळतील." मी म्हटलं, ती गर्दी, ती म्हातारी, मला सुचलंच नाही. मीनल म्हणाली, "सत्तावीस वर्षं होती की सुचायला." आमचं ते भांडण पाच दिवस चाललं. अकरा वर्षांतलं सगळ्यात लांब.

त्याच आठवड्यात वाचनालयात एक मुलगी पुस्तक परत करायला आली. एस. वाय. बी. ए.ची, हुशार, फारशी कुणात न मिसळणारी. वर्षभर ती माझ्या टेबलाच्या आसपास बसते. पुस्तकाची नोंद होईपर्यंत ती उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकट्याच राहता का?"

"हो," मी म्हटलं.

तिने पिशवी खांद्याला लावली. मग "बरं" म्हणून गेली. तिच्या त्या "बरं"मध्ये काहीतरी मिटल्यासारखं मला ऐकू आलं. प्रश्न सहज विचारलेला असेल. पण सतरा वर्षांची मी जर कुणाला हा प्रश्न विचारला असता, तर तो सहज नसता. आणि मला जर "हो, एकटीच" असं उत्तर मिळालं असतं, तर?

महिन्याच्या दिवशी मी आणि मीनल सांगलीहून सकाळच्या एसटीने निघालो. वाटेत ठिकठिकाणी हळद वाळत पडलेली. मीनलच्या मांडीवर दुसरी साडी. तशीच करडी शोधली होती, मिळाली नाही; ही थोडी निळ्याकडे झुकणारी.

दार बाईंनी उघडलं. खूप बारीक झाल्या होत्या. दोन्ही कॉट मधोमधच होत्या, एकीवर घडी घातलेली वाकळ.

मी म्हटलं, "बाई, ही मीनल."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरोबर राहता?"

"हो. अकरा वर्षं."

"मग अकरा वर्षं ही एकटीच का यायची?" त्यांनी मीनललाच विचारलं.

"तिलाच विचारा," मीनल म्हणाली. "माझं विचारून झालंय."

बाईंचे खांदे हलले. कणीक मळतानाचे ते खांदे. त्या चहा ठेवायला वळल्या आणि सवयीने तीन कप काढले, एक बाजूला, बिनसाखरेचा. लक्षात आल्यावर हात थांबला. मीनल म्हणाली, "मी बिनसाखरेचाच घेते." हे खरं नाही, ती दोन चमचे घेते. तो कप तिने पूर्ण प्यायला.

मग मी साडी काढली. बाई म्हणाल्या, "हा काय प्रकार? हे ज्याचं माणूस गेलं त्याला देतात."

"म्हणूनच आणलीय. त्या दिवशी चुकले."

त्या साडीकडे पाहत बसल्या. काठावरून बोट फिरवलं. "मी असलं काही मानत नाही," त्या म्हणाल्या. "तुला माहितीये. कधीच मानलं नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण महिना झाला, मी पायरी उतरलेली नाही. भाजी पाटलांची सून आणून देते. देवळात मी कुठं जाणार होते? पण महादेवला सगळ्यांनी उठवलं. मला कुणी म्हटलंच नाही की चला, उठा."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मी पण रडले, पण ते नंतर, पडवीत. विमलताई जिथे निधनवार्ता वाचायच्या तिथे.

ती साडी त्यांच्या खांद्यावर मीनलने ठेवली. मी म्हटलं, "चला, उठा."

"कुठे?"

"मंडईत."

त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. हळूहळू चालत गेलो, मीनल एका बाजूला, मी एका बाजूला. कोपऱ्यावरची भाजीवाली लांबूनच म्हणाली, "आवं बाई, लय दिसानं. बरं हाय न्हवं?" मग आमच्याकडे बघत, "ह्या कोण म्हनायच्या?"

मी नेहमीप्रमाणे तोंड उघडणार होते. बाई आधी बोलल्या. "ही माझी विद्यार्थिनी. आणि ही तिच्या घरची." भाजीवालीने मान हलवली आणि विचारलं की चुका ताजा आहे, देऊ का. बाईंनी जुडी उचलून पाहिली, देठ मोडून पाहिलं. "कोवळा नाही," म्हणाल्या, तरी घेतला.

सोमवारी ती मुलगी वाचनालयात प्रश्नसंच मागायला आली. खिडकीतून वास येत होता. मी संच तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मागच्या वेळी तू काहीतरी विचारलं होतंस. मी चुकीचं उत्तर दिलं. मी एकटी राहत नाही. मीनल आणि मी राहतो, अकरा वर्षं झाली."

ती संचाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने, अगदी हळू, विचारलं, "मॅडम, भांडणं होतात का तुमची?"

"होतात," मी म्हटलं. "आत्ताच एक पाच दिवस चाललेलं."

"मग?"

टेबलापलीकडची खुर्ची ओढून ती बसली.